शिडाच्या नौकेवरील पाहुणचार : पूर्व कॅरिबियनमधील नौकावासी कुटुंबांसाठी आणि त्यांच्या आप्तांसाठी

चाळीस-पंचेचाळीस फुटांच्या शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड थाटून राहणाऱ्या कुटुंबाकडे नातेवाईक राहायला येतात, तेव्हा पाहुणचाराविषयीची जमिनीवर रुजलेली बहुतेक गृहीतके तपासून घ्यावी लागतात. घरी पाहुणा आला असता पाण्याचा, जागेचा किंवा दिवसांचा हिशेब मांडणे हा कोतेपणा समजला जातो; नौकेवर मात्र याच तीन गोष्टी मोजक्या असतात, आणि हिशेब न मांडणारा यजमान पाहुण्यांना, मुलाबाळांना व प्रसंगी नौकेलाही अडचणीत आणतो. म्हणून येथे आग्रह करायचा तो ताटावर बसल्यावर नव्हे, तर पाहुण्यांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी, आणि तो जेवणाचा नव्हे, नियमांचा. वर्षभर उबदार पाणी, नियमित वारे आणि एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असलेली बेटे यांमुळे पूर्व कॅरिबियन समुद्र, विशेषतः डॉमिनिकापासून ग्रेनेडापर्यंत पसरलेली विंडवर्ड बेटे, नौकावासी कुटुंबांचा आवडता प्रदेश आहे. पुढील विवेचन त्याच प्रदेशाला धरून केले आहे.

सर्वांत आधी ठरवावा लागतो तो महिना. या समुद्रातील चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि त्याचा जोर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत सर्वाधिक असतो; या काळात नौका ठरावीक अक्षांशांच्या बाहेर ठेवावी, अशी अट अनेक विमा करारांत असते. दक्षिणेकडील ग्रेनेडा तुलनेने सुरक्षित मानले जाते, परंतु २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन या चक्रीवादळाने त्याच बेटाची दैना केली, आणि २०२४ मध्ये हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, १ जुलैला, बेरिल हे वादळ ग्रेनेडाच्या उत्तरेकडील कॅरिअकू बेटावर धडकून शेजारच्या युनियन बेटाचीही वाताहत करून गेले. यावरून मराठी कुटुंबांच्या सोयीच्या दोन सुट्ट्या बाद होतात असे नव्हे, परंतु एक निश्चित बाद होते: दिवाळीची सुट्टी वादळांच्या हंगामातच पडते. नाताळची सुट्टी वादळांच्या दृष्टीने निर्धोक असली, तरी डिसेंबर-जानेवारीत ईशान्येकडून व पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे बळावतात; स्थानिक भाषेत त्यांना ‘ख्रिसमस वारे’ म्हणतात, ते कधी कधी आठवडाभर २५ ते ३० नॉट वेगाने, म्हणजे ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने वाहत राहतात, आणि प्रथमच नौकेवर येणाऱ्याला त्यांत मौज वाटण्याची शक्यता फार कमी. याउलट एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ कोरडा असतो, वारे सौम्य होतात, आणि महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टीही नेमकी तेव्हाच असते. ज्यांना निवडीस वाव आहे, त्यांनी दुसऱ्या महिन्याचा विचारच करू नये.

महिना ठरला की नौकावासीयांतील एक जुना दंडक पाहुण्यांना स्पष्ट शब्दांत कळवावा: पाहुण्यांनी एक तर तारीख ठरवावी किंवा जागा, दोन्ही ठरवू नयेत. तारीख पक्की असेल तर त्या दिवशी नौका जेथे असेल तेथे विमान, फेरीबोट किंवा टॅक्सी करून पाहुण्यांनी पोहोचावे. जागा पक्की असेल तर नौका तेथे हवामान पाहून पोहोचेपर्यंत त्यांनी थांबावे. हे ऐकायला रुक्ष वाटते आणि काकांना किंवा सासूबाईंना हे कसे सांगावे, असा संकोच बहुतेक यजमानांना होतो. पण वारा प्रतिकूल असताना, केवळ मंडळी मंगळवारी विमानतळावर उतरणार आहेत म्हणून नांगर उचलणे, हे नौकेवरील अपघातांचे एक नेहमीचे कारण आहे. तारखेचे दडपण जाणत्या तांडेलाचाही निर्णय बिघडवते. पाहुण्यांना यजमानांकडे यायला लावणे हाच सुज्ञपणा होय, कारण विमान वाऱ्याची वाट पाहत नाही आणि नौकेला पाहावी लागते.

या दंडकाला पूरक अशी दुसरी योजना म्हणजे पाहुण्यांचा सारा मुक्काम एकाच देशाच्या हद्दीत आखणे. विंडवर्ड बेटांत प्रत्येक देशात शिरताना कप्तानाने पिवळा झेंडा चढवून, ठरवून दिलेल्या बंदरात एकट्याने किनाऱ्यावर जाऊन आगमनाची नोंद करायची असते, आणि ती होईपर्यंत इतरांनी नौका सोडायची नसते, निघतानाही तसेच. दहा दिवसांत तीन देश दाखवण्याच्या हौसेपायी पाहुण्यांचे निम्मे दिवस या नोंदींत आणि वाट पाहण्यात जातात. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडिन्स हा देश या दृष्टीने विशेष सोयीचा आहे. मुख्य बेटावरील आर्गाइल विमानतळ २०१७ पासून सुरू झाला असून तेथे मोठी विमाने उतरतात. किंग्जटाउनहून फेरीबोटीने तासाभरात बेक्विया बेट गाठता येते, आणि तेथील अॅडमिरल्टी बे हा वाऱ्याच्या आडोशाचा प्रशस्त उपसागर नांगर टाकून राहण्यास उत्तम आहे. बेक्वियापासून टोबॅगो केज या बेटसमूहापर्यंतचे अंतर सुमारे २५ सागरी मैल, म्हणजे साडेचार-पाच तासांचा प्रवास असून तो दक्षिणेकडे होत असल्याने वारा बाजूने मिळतो, नौका कमी आपटते आणि वेगही चांगला राहतो. त्याउलट ग्रेनेडाहून उत्तरेकडे बेक्वियाला येणे म्हणजे वाऱ्यावर चढणे होय. अंगावर लाटांचे पाणी घेत, एका कुशीवर कललेल्या नौकेत तास न् तास बसणे. असा उलट्या वाऱ्याचा प्रवास यजमानांनी पाहुणे येण्यापूर्वी किंवा गेल्यावर उरकावा. ग्रेनेडाच्या उत्तरेस सुमारे ८ किलोमीटरवर ‘किक-एम-जेनी’ हा समुद्राखालचा जागृत ज्वालामुखी आहे व त्याच्या माथ्याभोवती दीड किलोमीटरच्या वर्तुळात नौकांना कायमची बंदी आहे, ही माहिती पाहुण्यांना सांगायला रंजक असली, तरी ती प्रवास संपल्यावर सांगणेच बरे.

भारतीय पारपत्रधारकांच्या बाबतीत व्हिसाचा प्रश्न बेटांपेक्षा वाटेतच अधिक अडतो. भारतातून या बेटांकडे जाणारा प्रवास बहुधा लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरांटो यांपैकी एखाद्या ठिकाणी विमान बदलून होतो. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो. ब्रिटन आणि कॅनडा यांचेही मार्गस्थ प्रवाशांसाठी स्वतंत्र नियम आहेत. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही बेटे फ्रान्सचा भाग असली तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाहीत, त्यामुळे युरोपसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही. बेटांचे स्वतःचे नियमही बदलत असतात, म्हणून तिकिटापूर्वी त्या त्या देशाच्या अधिकृत सूचना पाहणे अनिवार्य समजावे. चक्रीवादळांच्या हंगामात अनेक नौका दुरुस्तीसाठी त्रिनिदादला जातात. तेथे भेटायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्रिनिदाद पीतज्वराच्या प्रदेशांत गणले जाते आणि तेथून भारतात परतताना लसीकरणाचे प्रमाणपत्र मागितले जाते, जे लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य ठरते.

आणखी एक बारकावा असा की, विमानाने येऊन नौकेने देश सोडणाऱ्या पाहुण्याकडे परतीचे तिकीट नसल्यास विमान कंपनी त्याला मुळात बसूच देत नाही. अशा वेळी कप्तानाचे सहीचे पत्र, नौकेच्या नोंदणीची प्रत आणि नौका सध्या कोणत्या बंदरात आहे याचा उल्लेख असलेला कागद पाहुण्याच्या हाती असावा. नौका देश सोडणार असेल, तर पाहुण्याचे नाव खलाशांच्या यादीत चढवावे लागते, मग तो साठीच्या पुढचा निवृत्त मुख्याध्यापक का असेना. आणि यादीत नाव असलेला माणूस पुढे विमानाने परतणार असल्यास ते नाव आप्रवासन (इमिग्रेशन) कार्यालयात जाऊन उतरवून घ्यावे लागते. ही जबाबदारी कप्तानाची असते, पाहुण्याची नव्हे.

सामानाविषयीची सूचना एकच, परंतु ती दोनदा द्यावी: कडक सूटकेस आणू नये. नौकेवर रिकामी सूटकेस ठेवण्यास कोठेही जागा नसते. घडी घालून फळीखाली सरकवता येईल अशी कापडी पिशवीच हवी. लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे ‘कॅमोफ्लाज’ छापाचे कपडे या बेटांपैकी बहुतेकांत नागरिकांना व पर्यटकांना कायद्याने वर्ज्य आहेत, आणि लहान मुलांच्या चड्ड्यांवर नेमका हाच छाप असतो. रोजची औषधे दुप्पट घ्यावीत व ती हातातल्या सामानात ठेवावीत. पाहुण्यांकडून भारतातून मेतकूट, गोडा मसाला आणि आमसुले मागवण्याचा मोह यजमानांना होतोच, आणि त्यात गैर काही नाही. मात्र बियाणी, ताजी फळे व दुधाचे पदार्थ तपासणीत अडकू शकतात. नौकेचे सुटे भागही पाहुण्यांबरोबर मागवले जातात. त्यांची पावती आणि नौकेच्या कागदांची प्रत सोबत दिल्यास जकातीच्या खिडकीवर वेळ वाचतो, पण सारी बॅग सुट्या भागांनीच भरून पाहुण्याला हमाल करू नये.

पाहुण्यांची पहिली रात्र किनाऱ्यावरील अतिथिगृहात काढावी, असा सल्ला येथे आग्रहाने द्यावासा वाटतो. भारतीय वेळ या बेटांच्या वेळेपेक्षा साडेनऊ तास पुढे आहे. दोन-तीन विमाने बदलून, झोप मोडलेल्या अवस्थेत, अंधारात हलत्या डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावरून नौकेकडे नेणाऱ्या छोट्या होडीत, पाऊल टाकणे कोणाच्याही हिताचे नाही. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो, सूर्य वर्षभर सहाच्या सुमारास मावळतो आणि अर्ध्या तासात काळोख होतो. पोवळ्यांचे खडक पाण्याच्या रंगावरून ओळखावे लागत असल्याने, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच अनोळखी ठिकाणी नांगर टाकण्याची रीत आहे, आणि ही रीत पाहुण्यांच्या विमानासाठी मोडायची नसते.

नौकेवर आल्यानंतरचा पहिला तास शिक्षणाचा असतो, आणि त्यात सर्वाधिक वेळ शौचकूपाला द्यावा लागतो. त्याबद्दल बोलण्याचा संकोच यजमानांनीच आधी सोडावा, कारण नौकेवरील बहुतेक रुसवेफुगवे येथूनच सुरू होतात. लहान नौकेतील शौचकूपाला हाताने ओढायचा दांडा असतो. एका खिट्टीने समुद्राचे पाणी भांड्यात येते, खिट्टी फिरवली की भांडे रिकामे होते, आणि घाण पूर्ण बाहेर जाण्यासाठी दांडा पंधरा-वीस वेळा संथपणे ओढावा लागतो. बाहेर जाणाऱ्या नळीचा व्यास जेमतेम दीड इंच असतो. तीत कागद, कापूस, केस, सॅनिटरी पॅड यांपैकी काहीही गेले, तर ती उघडून हाताने साफ करण्यावाचून गत्यंतर नसते, आणि हे काम यजमानाच्या वाट्याला येते. पाण्याने स्वच्छता करण्याची भारतीय सवय येथे एका अर्थी सोयीची आहे, कारण कागदाचा प्रश्नच उरत नाही. पण मगाने पाणी ओतल्यास गोडे पाणी वाया जाते आणि बंदरात वापरायची साठवण टाकी भराभर भरते. तोंडाशी नोझल असलेली छोटी प्लास्टिकची बाटली प्रत्येकाला वेगळी द्यावी. पाव लिटरमध्ये काम होते. हे सारे पाहुण्यांना प्रत्यक्ष दांडा ओढायला लावून शिकवावे, नुसते सांगून भागत नाही.

पाण्याचे गणितही असेच मांडून दाखवावे. भारतीय शहरांत दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे नियोजनाचे प्रमाण धरले जाते. चाळीस फुटी नौकेच्या टाक्यांत मिळून सुमारे ४०० ते ६०० लिटर पाणी मावते, आणि माणशी १५ लिटरमध्ये दिवस काढणे ही तेथली सर्वसाधारण शिस्त आहे. चौघांच्या कुटुंबात आणखी चौघे आले, तर सहाशे लिटरची टाकी पाच दिवसांत संपते. समुद्राचे पाणी गोडे करणारे ‘वॉटरमेकर’ हे यंत्र असले, तरी बंदरातील गढूळ व तेलकट पाण्यात ते चालवल्यास आतील पडदा खराब होतो, त्यामुळे पाहुणे घेऊन बंदरात थांबलेले दिवस हे टंचाईचेच असतात. आंघोळीची पद्धत ठरलेली असते: नौकेच्या मागच्या शिडीवरून समुद्रात उतरायचे, शँपूने अंग घासायचे, कारण साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, पुन्हा एक बुडी मारायची आणि शेवटी दीड-दोन लिटर गोड्या पाण्याने मीठ उतरवायचे. ज्येष्ठ स्त्रियांना समुद्रात उतरणे अवघड वाटते. त्यांच्यासाठी आडोसा करून बादलीभर पाण्याची मुभा ठेवावी, केस धुण्याचा वार ठरवावा, आणि तो उघडपणे ठरवावा. चोरून वापरलेले पाणी आणि चोरून मोजलेले पाणी, दोन्ही मने दुखावतात. विजेचाही हिशेब असाच असतो. ऊर्जा सौर तावदानांवर अवलंबून असल्याने फोन दुपारी चार्ज करावेत, शीतपेटी वारंवार उघडू नये, आणि केस वाळवण्याचे यंत्र घरीच ठेवावे.

‘बोट लागणे’ हा अनुभव घाटात गाडी लागणाऱ्यांना परिचित असला, तरी दोहोंत फरक आहे: गाडी थांबवता येते. या बेटांच्या पश्चिमेस, वाऱ्याच्या आडोशाला, समुद्र शांत असतो. दोन बेटांमधल्या खाडीसारख्या मोकळ्या पट्ट्यात मात्र अटलांटिकच्या लाटा थेट शिरतात. सेंट व्हिन्सेंट आणि बेक्विया यांच्यामधला पट्टा जेमतेम नऊ मैलांचा, पण पाहुण्यांची परीक्षा तोच घेतो. गोळी, मग ती अवोमिन असो वा स्टुजेरॉन, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. निघण्याच्या आधी घ्यावी लागते, आणि काचबिंदू, प्रोस्टेट किंवा झोपेची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पाहुण्याला बाहेर उघड्यावर, क्षितिज दिसेल असे बसवावे, सुकाणू धरायला द्यावे, कारण ज्याच्या हाती सुकाणू असते त्याला बोट कमी लागते. आणि तरीही लागलीच, तर आत नौकेच्या मध्यभागी, जेथे हेलकावे कमी असतात, तेथे डोळे मिटून आडवे करावे. आलेपाक जवळ असावा. फोनवर वाचणे बंद. तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी आपली म्हण येथे उलटी पडते, कारण बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांनीच हेलकाव्यांना सरावते आणि खरा मुक्काम तेथून सुरू होतो. यास्तव पहिले दोन दिवस नांगरावर काढून, तासाभराच्या फेऱ्या मारून, मगच लांबचा टप्पा घ्यावा. ज्यांना चार-पाच दिवसांचीच रजा आहे, त्यांना नांगरलेल्या नौकेचेच सुख द्यावे.

स्वयंपाकघर हा नात्यांचा आणि सुरक्षेचा असा दुहेरी विषय आहे. नौकेची शेगडी हेलकाव्यांबरोबर झुलावी अशी टांगलेली असते. तिचा अडसर काढला की भांडी सपाट राहतात, पण शेजारी उभ्या असलेल्या, सवय नसलेल्या माणसाला ती अंगावर येते असे वाटते आणि तो नेमका तिलाच धरतो. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो उडून न जाता नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहत राहतो. म्हणून दर वापरानंतर टाकीजवळचा खटका बंद करणे हा नियम पाहुण्या सुगरणीलाही लागू असतो. प्रवासात प्रेशर कुकर सर्वांत उपयुक्त, कारण त्याचे झाकण बंद राहते व आमटी सांडत नाही. पुऱ्या, भजी, वडे हे तेलातले सारे प्रकार नांगर पक्का असल्यावरच. देवापुढचा दिवा किंवा उदबत्ती लावण्याची आजीची इच्छा अवाजवी नाही. ती भांडी घासण्याच्या कुंडात, माणूस जवळ असताना आणि शांत पाण्यात लावावी. किराणा आणताना पुठ्ठ्याची खोकी किनाऱ्यावरच सोडावीत, कारण त्यांच्या पन्हाळींत झुरळांची अंडी असतात व एकदा आलेले झुरळ नौका सोडत नाही. सासूबाईंनी ओटा ताब्यात घ्यावा की नाही, हा प्रश्न मात्र कोणत्याही मार्गदर्शनाच्या आवाक्याबाहेरचा आहे. इतकेच सुचवता येईल की ओटा एका वेळी एकाच व्यक्तीला पुरेल इतका असतो, आणि पाळ्या लावल्यास तंटा होत नाही.

बाजारहाटात कोकणातल्या माणसाला परके वाटण्याचे कारण नाही. येथले ‘कॅलालू’ म्हणजे अळूच्या पानांचे दाट कालवण. ‘ब्रेडफ्रूट’ म्हणजे नीरफणस, जो कप्तान ब्लाय याने १७९३ मध्ये ताहितीहून सेंट व्हिन्सेंटला आणला आणि ज्याचे काप गोव्यात तळतात तसे येथेही तळता येतात. ग्रेनेडाच्या झेंड्यावर तर जायफळच आहे. १ मे १८५७ रोजी ‘मेडस्टोन’ जहाजातून ग्रेनेडाला आणि १ जून १८६१ रोजी ‘त्रावणकोर’ जहाजातून सेंट व्हिन्सेंटला भारतीय कंत्राटी मजूर प्रथम आले, आणि कालवण गुंडाळलेली ‘रोटी’ आज बेटांवर सर्वत्र मिळते. मासे घेताना थोडे सावध राहावे. प्रवाळांतल्या मोठ्या माशांत, विशेषतः बॅराकुडात, ‘सिग्वाटेरा’ नावाचे विष साठू शकते. ते शिजवल्याने वा तळल्याने नष्ट होत नाही आणि चवीवरून कळतही नाही, म्हणून कोळ्यांना विचारूनच मासा घ्यावा. सेंट व्हिन्सेंटमध्ये शेवंड धरण्यास मे ते ऑगस्ट बंदी असते, तेव्हा त्या काळात होडीतून कोणी शेवंड विकायला आणल्यास नम्रपणे नकार द्यावा. परदेशी पाहुण्यांना भाल्याने मासेमारी करण्यास तेथे मनाईच आहे.

नौकेवरून किनाऱ्यावर जाण्याचे साधन म्हणजे डिंगी, फुगवलेल्या रबरी नळ्यांची छोटी होडी, आणि पाहुण्यांचे बहुतेक पडणे-धडपडणे समुद्रात नव्हे, तर या होडीत शिरता-उतरताना होते. पाहुणा बहुधा फुगीर काठावर पाय देतो, काठ दबतो, होडी दूर सरकते आणि एक पाय नौकेवर व एक पाय होडीत अशी अवस्था होते. यासाठी आधी पिशव्या दुसऱ्याच्या हाती द्याव्यात, दोन्ही हात मोकळे ठेवावेत, नौकेची शिडी धरून तोंड नौकेकडे करून उतरावे, पाऊल होडीच्या तळाच्या मध्यभागी टाकावे आणि टाकताच खाली बसावे. उभे राहून जागा शोधू नये. इंजिन चालवणाऱ्याच्या मनगटाला बंद करण्याची दोरी बांधलेली असावी, म्हणजे तो पडल्यास इंजिन थांबते. साडी, ओढणी व सैल बाह्या डिंगीत अडखळवतात, आणि शिडाचे दोर ताणणाऱ्या ‘विंच’ या फिरत्या ढोलात गुंतल्यास त्याहून वाईट. बांगड्या व अंगठ्या काढून ठेवाव्यात, आणि ताणलेल्या दोराला पाहुण्यांनी सांगितल्याशिवाय हात लावू नये. शिडाचा आडवा दांडा वारा फिरताच एका बाजूकडून दुसरीकडे डोक्याच्या उंचीवरून झेप घेतो, हे मुलांना आधी दाखवावे.

जीवरक्षक जाकिटे मापाने घालून पाहावीत, आग विझवण्याची टाकी आणि आगीचे ब्लँकेट कोठे आहे ते दाखवावे, आणि कप्तानच पाण्यात पडला किंवा बेशुद्ध झाला तर काय करायचे, हे किमान दोन प्रौढ पाहुण्यांना शिकवावे: इंजिन कसे सुरू करायचे, रेडिओचा १६ क्रमांकाचा संकट-मार्ग कसा लावायचा, त्यावरील लाल बटण झाकण उघडून कसे दाबून धरायचे, आणि पाण्यात पडलेल्या माणसावरून नजर न काढता एकाने सतत बोट दाखवत राहायचे. किनाऱ्यावरही एक शिकवण द्यावी लागते: समुद्रकाठचे ‘मँचिनील’ हे झाड, ज्याची फळे छोट्या हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, विषारी असून त्याच्या चिकाने कातडीला फोड येतात, आणि पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी पानांवरून गळणारे पाणी भाजते, काही ठिकाणी त्याच्या खोडावर तांबडा पट्टा ओढलेला असतो, सर्वत्र नव्हे.

वृद्ध नातेवाइकांबाबत स्पष्ट बोलणे टाळले जाते, म्हणून येथे ते स्पष्टच मांडले आहे. नौकेच्या आत उतरण्याचा जिना जवळजवळ उभा असतो, झोपण्याची जागा खांद्याला अरुंद असते आणि मध्यरात्री उठून शौचाला जाताना वाटेत दोन माणसे झोपलेली असतात. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना नौकेवर आणण्याचा हट्ट हा प्रेमाचा असला तरी हिताचा नसतो. त्यांच्यासाठी बेक्वियाच्या किनाऱ्यावर नांगरलेल्या नौकेच्या समोरच खोली घ्यावी, दिवसा ते नौकेवर यावेत, नातवंडे रात्री त्यांच्याकडे जावीत, आणि टोबॅगो केजला कासवे पाहायला जायचे असल्यास तो एक दिवस नीट बेतावा. बाराद्‌ल बेटाजवळच्या गवताळ तळावर चरणारी कासवे पाहण्यासाठी पोहता येणेही आवश्यक नाही. कंबरभर पाण्यात उभे राहून ती दिसतात. जी मुले नौकेवरच शिकतात त्यांची शाळा आजी-आजोबा आले म्हणून पंधरा दिवस बंद ठेवू नये. सकाळचे दोन तास अभ्यासाचे ठरवले, तर त्या वेळेत पाहुण्यांना किनाऱ्यावर फिरायला पाठवता येते, आणि यजमानांनाही एकमेकांशी बोलायला तेवढाच अवकाश मिळतो. पातळ भिंतीपलीकडे सारे ऐकू येते, तेव्हा पाहुण्यांविषयीचे बोलणे याच वेळेसाठी राखून ठेवावे.

पैशांबाबत नात्यातला संकोच आणि कायदा यांचा येथे चमत्कारिक मेळ आहे. पाहुण्यांनी किराणा भरला, टोबॅगो केजच्या उद्यानाची फी दिली, एखाद्या संध्याकाळी सर्वांना किनाऱ्यावर जेवू घातले, तर तो खर्चाचा वाटा ठरतो. पण मुक्कामाचे ठरावीक पैसे घेतल्यास नौका भाड्याने चालवल्याचा अर्थ निघू शकतो, ज्याला परवाना लागतो आणि जो खासगी विम्याच्या कक्षेबाहेर जातो. म्हणून हातात पाकीट घेऊ नये, पिशवीतली भाजी घ्यावी. पाहुण्यांनी स्वतःचा प्रवास-विमा मात्र काढलाच पाहिजे, आणि तो रुग्णाला मोठ्या बेटावर किंवा देशाबाहेर विमानाने हलवण्याचा खर्च देणारा हवा, कारण ग्रेनेडिन्सच्या छोट्या बेटांवर दवाखाना असतो, शस्त्रक्रियेची सोय नसते.

परतीच्या दिवसाआधीची रात्र पुन्हा किनाऱ्यावर किंवा निदान विमानतळाच्या बेटावर घालवावी, म्हणजे शेवटच्या क्षणी वारा वाढला तरी नौकेला खाडी ओलांडावी लागत नाही. दोन पाहुणे-कुटुंबांत यजमानांनी किमान चार दिवसांचे अंतर ठेवावे. तेवढ्या वेळात चादरी गोड्या पाण्यात धुऊन वाळतात, टाक्या भरतात, गॅसची टाकी बदलून आणता येते, खलाशांच्या यादीतली नावे उतरवता येतात, आणि मुलांना आपापली झोपण्याची जागा परत मिळते.